रोमिंगचा दर अंतरावर ठरत नाही

परदेशात फोन महाग पडतो तो अंतरामुळे, हा समज युरोपने केव्हाच खोटा ठरवला. १५ जून २०१७ पासून युरोपीय संघातल्या ग्राहकाला संघातल्या दुसऱ्या देशात फिरताना आपल्या घरच्याच दराने फोन वापरता येतो. टॉवर तेच राहिले, केबलही त्याच. बदलले ते कायद्याने घातलेले बंधन. कंपन्यांनी एकमेकींकडून घ्यायच्या घाऊक दरालाही कमाल मर्यादा आली: २०१७ साली एका जीबीला ७.७० युरो, २०२२ मध्ये २ युरो. स्वित्झर्लंड मात्र संघाबाहेर. त्यामुळे सीमेलगतच्या फ्रेंच गावात बसूनही फोनने स्विस टॉवर पकडला, तर बिल फुगू शकते. अंतर काही मीटरचे, फरक कराराचा.

मग भारतातून जाणाऱ्याने आपल्या कंपनीचा करार कशाला विकत घ्यावा? त्या देशातले सिम किंवा ई-सिम घेतले, की स्थानिक स्पर्धेतला दर मिळतो. यावर रास्त आक्षेप असा, की बँकेचा ओटीपी भारतीय नंबरवरच येतो. पण दोन सिमच्या फोनमध्ये भारतीय सिम चालू ठेवून त्याचे डेटा रोमिंग तेवढे बंद करता येते. परदेशात येणारा एसएमएस बहुधा फुकट असतो. उचललेला कॉल मात्र तसा नसतो, हे लक्षात ठेवलेले बरे. दोन दिवसांचाच दौरा असेल किंवा फोन ई-सिम घेत नसेल, तर कंपनीचा पॅक खुशाल घ्यावा. तोही निघण्याआधी, कारण पॅकशिवायचा दर सर्वांत जाचक.