निबंध यंत्राचा, पदवी मुलाची?

मुलगा शहरात कॉलेजात शिकतो. त्याच्या फीसाठी कोणी दुभती म्हैस विकलेली असते, कोणी कर्ज काढलेले असते. सुट्टीत घरी आलेला मुलगा मोबाईलवर बोट फिरवतो आणि घटकाभरात इंग्रजी निबंध तयार! आईबापांना कौतुक वाटते. पण वाचकहो, तो निबंध लिहिला कोणी?

३० नोव्हेंबर २०२२ रोजी ओपनएआय या अमेरिकन कंपनीने 'चॅटजीपीटी' लोकांसाठी खुले केले. हे बोलके यंत्र विचाराल त्याचे उत्तर लिहून देते. त्याला अफाट मजकूर वाचायला घातलेला असतो. त्यावरून पुढे कोणता शब्द यावा याचा अंदाज बांधत ते वाक्ये जुळवते. म्हणूनच ते बरेचदा बरोबर सांगते, तर कधी जगात नसलेल्या पुस्तकाचे नावही ठोकून देते.

यंत्राने लिहिलेले पकडणारी दुसरी यंत्रेही निघाली. पण त्यांत सुक्याबरोबर ओलेही जळते. २०२३ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशी सात यंत्रे पारखली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे ९१ निबंध त्यांना दिले. सरासरीने निम्म्याहून अधिक निबंध या यंत्रांनी खोटे ठरवले! कारण एवढेच, की त्यांतले इंग्रजी साधे, मोजक्या शब्दांचे होते. आपल्या मुलांचे इंग्रजीही तसेच असते. म्हणून मुलांनी आपले कच्चे लिखाण, टिपणे जपून ठेवावीत. उद्या आळ आलाच तर तोच पुरावा.

मग हे यंत्र वाईटच का? तसे नाही. शिकवणी परवडत नाही, रात्री गणित अडले, तर ते मराठीतही समजावून सांगते. अडलेले विचारावे, पण सांगितलेले पुस्तकात ताडून पाहावे आणि लिहावे मात्र स्वतः.

खोंड औताला जुंपल्याशिवाय बैल होत नाही. नांगरट ट्रॅक्टरने झाली तरी शेत नांगरलेले राहते. पण दुसऱ्याने अभ्यास केला तर आपले डोके पडीकच राहते. नोकरीच्या मुलाखतीत समोरचा माणूस प्रश्न विचारतो, तेव्हा मोबाईल खिशातच असतो.

आईबाप शिकलेले नसले तरी एक परीक्षा त्यांना घेता येते. संध्याकाळी ओट्यावर बसून म्हणावे, "बाळा, काय लिहिलेस ते मला समजेल असे सांग." त्याला सांगता आले, तर म्हैस सत्कारणी लागली म्हणायची.