मागच्या हाउसिंगचा आवाज : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुनी विलीज किंवा महिंद्र जीप घरच्या अंगणात उघडून, मागच्या हाउसिंगमधील क्राउन-पिनियनची जोडी नवी घालून, बेअरिंगे बदलून आणि सर्व बोल्ट यथाशक्ती आवळून एखादा हौशी गृहस्थ जेव्हा ती प्रथमच रस्त्यावर आणतो, आणि ताशी पन्नास-साठ किलोमीटरच्या वेगाला पाठीमागून एक चिवट सूर उमटू लागतो, तेव्हा त्याला सल्लागारांची वाण पडत नाही. नवा माल आहे, हजारेक किलोमीटर चालला की बसेल, असे एक सांगतो. दुसरा जाड तेल घालावयास सुचवितो. तिसरा पिनियनचा नट आणखी अर्धा वेढा आवळून पाहा म्हणतो. आणि चौथा, जो बहुधा सुट्या भागांचा विक्रेता असतो, संपूर्ण जोडीच सदोष ठरवून मोकळा होतो. या चौघांपैकी कोणीही आवाज नेमका केव्हा येतो आणि केव्हा थांबतो याची चौकशी केलेली नसते, आणि निदानाचा सारा मामला तर त्याच एका प्रश्नावर अवलंबून आहे.

या प्रश्नाचे महत्त्व कळण्यासाठी थोडे गणित मांडणे आवश्यक आहे. प्रॉपेलर शाफ्टने मागे आलेली शक्ती पिनियन या लहान दातेरी चाकातून क्राउन या मोठ्या चाकाला मिळते, तेथे काटकोनात वळते आणि एक्सलमार्गे चाकांना पोचते. विलीज सीजे जातीच्या जीपला मागे बहुधा डाना ४४ एक्सल असे, आणि त्यात क्राउनला ४३ व पिनियनला ८ दात, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे पिनियनचे ५.३८ फेरे, हे प्रमाण सामान्यतः आढळते. ६.००-१६ मापाच्या टायरवर ताशी ६० किलोमीटरने जाताना चाक सेकंदाला सुमारे सव्वासात फेरे घेते. त्यास ४३ ने गुणिले असता सेकंदाला सुमारे ३१२ वेळा दातावर दात येतो असे दिसते, आणि ज्यांचे कान पेटीवर तयार झाले आहेत त्यांना हा सूर मध्य सप्तकातील काळी दोनच्या अगदी निकट असल्याचे सहज उमगेल. वेग वाढला की सूर चढेल, उतरला की उतरेल. परंतु वेग तोच ठेवून गाडी टॉपमधून सेकंडमध्ये घातली तर इंजिनाचे फेरे वाढूनही या सुराची पट्टी बदलणार नाही. ती बदलली तर दोष इंजिनात किंवा गिअरबॉक्समध्ये शोधावा, हाउसिंगला हात लावू नये.

आवाज मागून येतो म्हणून तो डिफरन्शियलचाच, हा पहिला आणि सर्वांत खर्चिक गैरसमज होय. लोखंडी एक्सल हा ध्वनीचा उत्तम वाहक असल्यामुळे डाव्या हबमधील बेअरिंगची घरघर मधल्या हाउसिंगमधून आल्यासारखी ऐकू येते. मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच डावी-उजवीकडे झुलविली असता वजन एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर जाते आणि तेवढ्यात घरघर वाढली-घटली तर हबचे बेअरिंग संशयित ठरते. डांबरी रस्ता सोडून गाडी काँक्रीटवर येताच आवाजाचा पोत बदलला, तर तो टायरांचा आहे. गाडी हलताना किंवा ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना एकच ‘ठक्क’ असा ठोका बसत असेल, तर क्राउन-पिनियनवर आरोप ठेवण्यापूर्वी प्रॉपेलर शाफ्टच्या जॉइंटचा क्रॉस हाताने हलवून पाहावा. पुष्कळदा तेथेच ढिलाई सापडते.

हे सर्व निकालात निघाल्यावर खरी परीक्षा सुरू होते. एकाच वेगाला तीन प्रकारे गाडी हाकून कान द्यावयाचा : ॲक्सिलरेटर दाबून म्हणजे लोडवर, पूर्ण सोडून म्हणजे इंजिनाच्या ओढीवर, आणि त्या दोहोंच्या मध्ये, जेथे इंजिन गाडीला ओढतही नाही आणि अडवीतही नाही अशा तोलावर. या तीन अवस्थांत सूर येतो-जातो, तीव्र-मंद होतो, तर दोष दातांच्या मिलाफात आहे, कारण लोडवर दाताची एक बाजू काम करते व ओढीवर दुसरी. तिन्ही अवस्थांत सारखीच घरघर राहिली तर ती बेअरिंगांची समजावी. त्यातही पिनियनची बेअरिंगे क्राउनच्या बाजूच्या बेअरिंगांहून पाचपटीने अधिक वेगात फिरत असल्याने त्यांची घरघर बारीक आणि चढी असते. केवळ ओढीवर सूर उठत असेल तर पिनियनच्या बेअरिंगांवरील दाब कमी राहिल्याचा संशय घ्यावा, कारण सैल पिनियन त्या वेळी क्राउनकडे आत खेचले जाते. सरळ रस्त्यावर शांत असलेली गाडी फक्त वळणावर कुरकुरत असेल तर दोष डिफरन्शियलच्या आतल्या लहान स्टार गिअरांत. सरळ जाताना ते आपल्या पिनेवर फिरतच नाहीत, म्हणून बोलतही नाहीत. ही परीक्षा रस्त्यावरच व्हावयास हवी. जॅकवर टांगलेल्या गाडीची चाके फिरवून लोडचा आवाज ऐकू येत नाही, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर इंजिन चालू करणे हे तर जिवावर बेतणारे साहस आहे.

आता ‘बसेल’ या शब्दावर जो भरवसा ठेवला जातो त्याविषयी. कारखान्यात क्राउन आणि पिनियन ही जोडी एकमेकांवर घासूनच तयार होते. तिच्यावर एकच जोडक्रमांक कोरलेला असतो आणि त्यामुळेच त्यांपैकी एकटे चाक बदलणे हे अशास्त्रीय ठरते. नव्या जोडीला सुरुवातीचा काळ सांभाळून चालवावे लागते हे खरे : पहिल्या खेपेस पंधरा-वीस मिनिटे चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्यावी, पहिल्या ८०० किलोमीटरपर्यंत जड ओझे ओढू नये, आणि नंतर तेल बदलावे. परंतु ही सारी काळजी उष्णतेने दात नरम पडू नयेत म्हणून आहे, आवाज जिरविण्यासाठी नव्हे. चुकीच्या जागी बसविलेली जोडी झिजून योग्य जागी येत नाही. ती चुकीच्याच जागी झिजते आणि मग तिला योग्य जागी नेले तरी ती गप्प राहत नाही.

याहून सूक्ष्म, आणि म्हणून अधिक घातक, गैरसमज प्लेसंबंधी, म्हणजे क्राउन-पिनियनच्या दातांमधील मोकळीकीसंबंधी, आहे. डायल गेज लावून क्राउनचा प्ले मोजला, तो डाना ४४ साठी सर्वसाधारण मानल्या जाणाऱ्या ५ ते ९ थाऊंमध्ये (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.१३ ते ०.२३ मिलिमीटरमध्ये आला, की काम फत्ते झाले असे मानून झाकण लावण्याची घाई पुष्कळांना असते. पिनियन किती आत बसले आहे, म्हणजे त्याची खोली, ही वेगळी बाब असून प्ले हा तिचा पुरावा होऊ शकत नाही : पिनियन दहा थाऊ अधिक आत गेलेले असले तरी क्राउन थोडा दूर सरकवून प्ले पुस्तकाप्रमाणे जुळविता येतो. मोजमापे निर्दोष आणि मिलाफ बिघडलेला, अशी ही अवस्था. घरच्या घरी केलेल्या कामातील पुष्कळशा आवाजांचे मूळ येथे असते.

खोलीची साक्ष दातांवरील ठसाच देतो. रेड लेड, म्हणजे आपला शेंदूर, तेलात घट्ट कालवून क्राउनच्या चार-पाच दातांना दोन्ही बाजूंनी पातळ लेप द्यावा (हा पदार्थ शिशाचा असल्याने हातमोजे घालावेत आणि चहापूर्वी हात धुवावेत), मग एका हाताने क्राउन फडक्याने दाबून अडवीत दुसऱ्या हाताने पाना लावून पिनियन दोन्ही दिशांनी काही फेरे फिरवावे. जेथे दातांचा स्पर्श झाला तेथील लेप पुसला जाऊन खाली पोलादाची लंबवर्तुळाकार चकाकी उघडी पडते. ती दाताच्या माथ्याशी चिकटलेली असेल तर पिनियन फार दूर राहिले आहे, तेव्हा खोली ठरविणारी शिम, म्हणजे पातळ चकती, वाढवावी. मुळाशी रुतलेली असेल तर पिनियन फार आत गेले आहे, तेव्हा शिम काढावी. ठसा मुळापासून माथ्यापर्यंतच्या उंचीत मध्यावर आला म्हणजे खोली साधली. मग तो दाताच्या आतल्या वा बाहेरच्या टोकाकडे झुकत असेल तर क्राउनच्या दोन बाजूंच्या शिमांची अदलाबदल करून प्लेमध्ये बदल करावा. दहा थाऊंची शिम एका बाजूची काढून दुसरीकडे घातली की प्ले सुमारे सात थाऊंनी बदलतो, हा अंदाज फिटर मंडळी वापरतात आणि तो विश्वसनीय आहे. खोलीत फेरफार केला की प्ले पुन्हा मोजावा लागतो, प्ले बदलला की ठसा पुन्हा घ्यावा लागतो, आणि दर वेळी बाजूचे बेअरिंग पुलरने ओढून काढल्याने त्याचा नाश होतो. म्हणून जाणते कारागीर जुन्या बेअरिंगचे भोक आतून किंचित घासून हाताने निघेल असे एक मापनाचे बेअरिंग जवळ बाळगतात. वापरलेली जुनी जोडी मात्र या आदर्श ठशाला जुमानत नाही. तिला तिच्या मूळ खोलीवरच परत बसविणे इष्ट, कारण तिचे दात त्या जागी घासून तयार झालेले असतात.

जुन्या शिमा जशाच्या तशा घातल्या म्हणजे झाले, हा समज नव्या जोडीच्या बाबतीत अर्धसत्य आहे. पिनियनच्या तोंडावर +२, −३ असा आकडा कोरलेला असतो. डानाच्या पद्धतीत जुन्या पिनियनवर शून्य व नव्यावर +३ असेल तर शिम तीन थाऊंनी कमी करून आरंभ करावा, आणि हा केवळ आरंभच असतो, निर्णय ठशाचा. बेअरिंगांच्या कॅपा डाव्या-उजव्या बदलणे ही तर अक्षम्य कसूर होय, कारण हाउसिंगचे भोक त्या कॅपा जागेवर आवळूनच कोरलेले असते. खोलण्यापूर्वी पंचने खूण करावी. त्याचप्रमाणे क्राउन बसविण्याच्या जागी राहिलेली एखादी बारीक धातूची कूस क्राउनला डुलविते. मग चार ठिकाणी मोजलेला प्ले चार प्रकारचा येतो आणि गाडी हळू चालविताना आवाज लाटांसारखा वाढतो-ओसरतो.

पिनियनचा नट आवळण्याच्या सल्ल्याचा निकाल एक्सलच्या जातीवर लागतो. जीपच्या एक्सलमध्ये पिनियनच्या बेअरिंगांवरील दाब शिमांनी ठरतो, तेथे अर्धा वेढा अधिक आवळून फारसे काहीच घडत नाही. पुष्कळ आधुनिक गाड्यांत मात्र चेपणारी बुशी असते, आणि ती एकदा प्रमाणाबाहेर चेपली की नट सैल करून पूर्ववत होत नाही, नवीच घालावी लागते. दाब मोजण्यास महागडे उपकरण नसले तरी ताणकाटा पुरतो. ऑइल सील व क्राउन घालण्यापूर्वी पिनियनच्या फ्लॅंजला दोरी गुंडाळून ती काट्याने सावकाश ओढावी आणि फिरू लागल्यानंतरचा आकडा वाचावा; सुरुवातीचा हिसका धरू नये. नव्या बेअरिंगांसाठी डाना ४४ ला साधारणतः २० ते ४० इंच-पाउंड, वापरलेल्यांना त्याच्या निम्मे. फ्लॅंजची त्रिज्या २ इंच असेल तर ३० इंच-पाउंड म्हणजे काट्यावर १५ पाउंड, सुमारे ७ किलो.

तेलाविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे. पिनियन क्राउनच्या मध्यरेषेखाली बसविण्याची हायपॉइड पद्धत पॅकार्ड मोटारींत १९२६ मध्ये आली, आणि तिच्यात दात एकमेकांवर जोराने घसरत असल्यामुळे जीएल-५ दर्जाचे तेलच लागते. जाड तेलाने, किंवा जुनी गाडी विकणाऱ्यांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या लाकडी भुशाने, सूर दबतो. दोष तसाच राहतो. लिमिटेड-स्लिप जातीचे डिफरन्शियल वळणावर थरथरत असेल तर मात्र त्याला लागणारे खास ॲडिटिव्ह घालून पाहणे हा वाजवी उपाय आहे.

तेल काढताना चुंबकावर राखाडी मऊ लेप आला तर तो सामान्य आहे. चकत्या किंवा तुकडे आले, अथवा घरघर दर खेपेस वाढत असेल, तर ती गाडी घाटात नेऊ नये. पिनियनचे बेअरिंग जळून अडकले की मागची दोन्ही चाके धावत्या गाडीतच जागच्या जागी अडकू शकतात.