वर्गातली भाषा आणि प्राध्यापकांची घडण : एक आढावा

महाविद्यालयात कोणाला प्रवेश मिळावा, या प्रश्नावर महाराष्ट्रात गेल्या शतकाहून अधिक काळ वाद झाले, चळवळी झाल्या, कायदेही झाले. परंतु प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यासमोर जो प्राध्यापक उभा राहतो, त्याची तयारी कोणी आणि कशी करून घ्यायची, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला आणि विचारला गेला तोही बहुधा परिपत्रकांच्या भाषेत. जात, लिंग, प्रदेश, भाषा किंवा अपंगत्व यांमुळे कोणाचीही वर्गात कुचंबणा होऊ नये अशा अध्यापनाला सर्वसमावेशक अध्यापन म्हणतात, आणि विद्यार्थ्याची बोली, त्याच्या समाजाचे ज्ञान व स्मृती ही उणीव न मानता ती अभ्यासाच्या आधाराने जिवंत राहावी अशी दृष्टी ठेवणाऱ्या अध्यापनाला संस्कृतिपोषक अध्यापन म्हणता येईल. अमेरिकेत ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी १९९५ मध्ये आणि जँगो पॅरिस यांनी २०१२ मध्ये या विचाराची मांडणी केल्यापासून आपल्याकडील काही मंडळी तो जणू समुद्रापलीकडून आलेला नवा माल असल्यासारखी बोलतात. त्यांनी निदान १८८२ सालापर्यंत मागे जाऊन पाहायला हवे होते.

त्या वर्षी शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी शाळा वाढवा एवढेच मागितले नव्हते. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, कारण ते लोकांत मोकळेपणाने मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील, अशी मागणी त्यात होती, आणि ग्रामीण शाळांच्या अभ्यासक्रमाला शेतीची व आरोग्याची जोड मागणारी सूचनाही होती. शिक्षकाची सामाजिक जाणीव हा त्याच्या पात्रतेचाच भाग आहे, हा विचार तेथे स्पष्टपणे आलेला आहे. तो प्राथमिक शिक्षणासंबंधी होता हे खरे. पण महाविद्यालयापर्यंत तो पोहोचवण्याचे काम डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी केले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने मुंबईत १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय आणि औरंगाबादेत १९५० मध्ये पुढे मिलिंद या नावाने ओळखले गेलेले महाविद्यालय सुरू झाले.

मिलिंदचा उल्लेख दलित साहित्याच्या इतिहासात नेहमी होतो, अध्यापनाच्या इतिहासात मात्र क्वचितच होतो, आणि हा अन्याय आहे. मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय तुटपुंजी असताना, निजामी राजवटीतून नुकतेच बाहेर पडलेल्या खेड्यांतील मुले तेथे आली. नागसेनवनाच्या परिसरात वसतिगृह आणि महाविद्यालय शेजारी शेजारी असल्यामुळे अध्यापन तासिकेची घंटा झाल्यावर संपत नसे. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले आणि विद्यार्थ्यांनी ते रंगमंचावर आणले; इंग्रजीचे प्राध्यापक म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी असलेला आपला परिचय मराठी लेखनेच्छू तरुणांपर्यंत नेला. ‘अस्मिता’ आणि नंतर गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकांची पाळेमुळे याच परिसरात रुजली. येथे प्राध्यापकांना कोणी संवेदनशीलतेचे व्याख्यान दिले नव्हते. विद्यार्थ्यांबरोबर काहीतरी निर्माण करण्याच्या कामातच त्यांची घडण झाली. या आढाव्याचा मुख्य मुद्दा हाच आहे की प्राध्यापकाला आधार हवा तो उपदेशाचा नव्हे, तर सहकाऱ्यांसोबत बसून अध्यापनसाहित्य घडवण्याचा, आणि त्या कामासाठी लागणाऱ्या वेळेचा.

कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने साताऱ्यात १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढून कमवा आणि शिका योजनेने विद्यार्थ्याच्या श्रमाला प्रतिष्ठा दिली, हे सर्वज्ञात आहे. त्यानंतरची चार दशके महाविद्यालयांच्या संख्यावाढीची होती. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजे उघडली, नव्या प्राध्यापकांसाठी चार आठवड्यांचे उद्बोधन वर्ग आणि अनुभवी प्राध्यापकांसाठी तीन आठवड्यांचे उजळणी वर्ग सुरू झाले, पुढे या केंद्रांचे मनुष्यबळ विकास केंद्र असे नामांतर झाले आणि २०२३ मध्ये ती शिक्षक-प्रशिक्षणाच्या मालवीय मिशनखाली गेली. पाट्या बदलल्या, पदोन्नतीच्या फायलीला लागणारे प्रमाणपत्र हे या वर्गांना येण्याचे प्रमुख कारण मात्र टिकून राहिले.

याच काळात पुणे विद्यापीठातील स्त्री अभ्यास केंद्राने, जे १९८७ मध्ये स्थापन झाले आणि पुढे क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले, एक वेगळी वाट पाडली. तिच्यावर थोडे रेंगाळणे भाग आहे. शर्मिला रेगे (१९६४–२०१३) यांनी २०१० मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त लिहिलेल्या निबंधात फुले यांच्या १८५५ च्या ‘तृतीय रत्न’ या नाटकाचा धागा पकडून फुले–आंबेडकरी स्त्रीवादी अध्यापनपद्धतीची मांडणी केली. त्या नाटकातील फसवले गेलेले शेतकरी जोडपे अखेरीस शाळेची वाट धरते. रेगे यांनी विचारलेला प्रश्न त्याच्या पुढचा होता, की अशा जोडप्याची नातवंडे विद्यापीठात पोहोचल्यावर वर्ग त्यांना कसा सामोरा जातो. मराठी माध्यमातून आलेली मुलगी इंग्रजी ग्रंथासमोर गप्प बसते तेव्हा ती मंद असते म्हणून नव्हे, तर विचार करण्याची तिची भाषा वर्गाने दाराबाहेर ठेवलेली असते म्हणून, हे त्या विवेचनाचे सार. चर्चेसाठी मराठीचा मोकळा वापर, इंग्रजी लेखनाचे मराठी अनुवाद, आणि सत्यशोधक जलसे, आंबेडकरी गाणी व मेळ्यांत विकल्या जाणाऱ्या पुस्तिका यांना ज्ञानसाधन म्हणून वर्गात स्थान, अशा उपायांतून या पद्धतीला आकार आला. जलशातील सवाल-जवाब अभ्यासविषय होतो तेव्हा ज्याच्या घरी तो जलसा पिढ्यान्‌पिढ्या गायला गेला तो विद्यार्थी त्या तासाला जाणकार ठरतो आणि प्राध्यापकाला ऐकून घ्यावे लागते. ज्ञानाच्या उतरंडीत झालेला हा बदल कोणत्याही भाषणाने घडत नाही.

या द्वैभाषिक वाटेवर दोन्ही बाजूंनी दगड पडले. एका गटाच्या मते मराठी वर्गात आली की दर्जा घसरतो; दुसऱ्या गटाला इंग्रजीचे नावही नको असते. पहिला गट हे विसरतो की न समजलेल्या इंग्रजी टिपणांची घोकंपट्टी हा दर्जा नव्हेच, आणि दुसरा गट हे विसरतो की इंग्रजीपासून दूर ठेवलेल्या गरीब विद्यार्थ्याची संशोधनाची वाट बंद होते, तर सधनांची मुले ती भाषा बाहेरून मिळवतातच. दोन्ही भाषांत वाचून एकीत नीट लिहिता येणे, आणि त्यासाठी प्राध्यापकाच्या हाती द्वैभाषिक वाचनसंग्रह असणे, हाच मार्ग उरतो. त्यातही प्रमाण मराठीलाच घरची भाषा समजण्याची चूक नको; नंदुरबारमध्ये भिली व पावरी, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी व माडिया बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना पुस्तकी मराठी हीच पहिली परीक्षा असते. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये स्थापन झाले, पण विद्यापीठ जवळ आल्याने भाषा आपोआप जवळ येत नाही.

अपंगत्वाच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे : २०१६ च्या अधिनियमाने मान्य अपंगत्वांची संख्या सातवरून एकवीसवर नेली आणि उच्च शिक्षणात पाच टक्के जागा राखल्या. रॅम्प आणि लेखनिक एवढ्यावर मात्र महाविद्यालयांची जबाबदारी संपते, आणि फळ्यावरची आकृती दृष्टिहीन विद्यार्थ्याला शब्दांत कशी सांगावी, हे प्राध्यापकाला कोणी शिकवत नाही.

आजचे चित्र अधिक उदास आहे. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालासाठी विद्यार्थ्यांची ‘प्रगत’ आणि ‘मंदगती’ अशी विभागणी करण्याची सवय महाविद्यालयांना लागली, आणि मंदगतीच्या यादीत घरातून प्रथमच शिकणाऱ्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांची भरती करून उपचारात्मक वर्गाची हजेरी भरली की समावेशन पूर्ण झाले असे मानले जाते, जणू उपचाराची गरज अध्यापनाला नसून विद्यार्थ्यालाच आहे. उजळणी वर्ग संगणकाच्या पडद्यावर गेल्यापासून चहाच्या सुट्टीत दोन जिल्ह्यांच्या प्राध्यापकांत होणारी टिपणांची देवाणघेवाणही थांबली. भारतीय ज्ञानपरंपरेच्या प्रशिक्षणासाठी २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना निघाल्या. परंतु त्या परंपरेत जलसा, ओवी आणि कोरकू शेतकऱ्याचे बियाण्याचे ज्ञान यांना जागा मिळणार नसेल, तर तिला संस्कृतिपोषण म्हणता येणार नाही. सर्वांत मोठा घाव रिक्त पदांचा आहे. ग्रामीण महाविद्यालयांत पहिल्या वर्षाचे वर्ग बहुधा तासिका तत्त्वावरील प्राध्यापक घेतात. त्यांना मानधन तासाप्रमाणे मिळते, प्रशिक्षणाची भरपगारी रजा मिळत नाही, आणि पुढच्या वर्षी ते त्याच महाविद्यालयात असतील याची खात्री नसते. विद्यार्थ्यांना सर्वांत जवळून ओळखणारा हाच वर्ग प्रशिक्षणाच्या बाहेर राहतो.

म्हणून नवे मिशन आणि नवी पाटी यांऐवजी तीन साध्या गोष्टी व्हायला हव्यात. द्वैभाषिक वाचनसंग्रह आणि बोलींतील अध्यापनसाहित्य तयार करण्याचे तास कार्यभारात धरावेत. अशा साहित्याला पदोन्नतीत शोधनिबंधाइतके मोल द्यावे. आणि तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाला या कामाचे मानधन मिळावे. हे केले तर प्रमाणपत्रांची भूक आपोआप ओसरेल. न केल्यास समावेशनाचे अहवाल भरत राहतील, आणि मागच्या बाकावरची मुलगी तीन वर्षे गप्प बसून पदवी घेऊन जाईल.