‘लागणे’ आणि ‘हत्तु’

कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यात, भालकीच्या बसस्थानकात ‘उदगीर गाडी लागली’ असं कुणी ओरडलं, की माणसं पिशव्या उचलून धावत सुटतात. थोड्या वेळाने त्याच गाडीत एखादं पोर खिडकीतून मान बाहेर काढतं आणि त्याची आई शेजारणीला सांगते, ‘ह्याला गाडी लागती हो.’ एकच गाडी, एकच क्रियापद, पण घोटाळा कुणाचाच होत नाही.

असंच अनेक कामं करणारं क्रियापद म्हणून इंग्रजी शिकणारी पोरं ‘गेट’ला वैतागतात. मिळणं, पोहोचणं, होणं, समजणं, सगळीकडे ते आहेच. मुळात हा शब्द इंग्रजांचा घरचा नव्हे. स्कँडिनेव्हियातून येऊन इंग्लंडात स्थायिक झालेल्या लोकांच्या नॉर्स भाषेतल्या ‘गेता’पासून, म्हणजे मिळवणे या अर्थाच्या क्रियापदापासून तो आला. ‘सेट’ची तर गोष्टच निराळी: ऑक्सफर्डच्या १९८९च्या कोशात त्याचे ४३० अर्थ दिले होते. क्रियापद जितकं आखूड, तितकी त्याच्यावर कामं जास्त.

आपल्याकडे हा भार ‘लागणे’ वाहतं. संस्कृतातला ‘लग्’ म्हणजे चिकटणे. त्यावरून प्राकृत ‘लग्ग’ आणि पुढे आपलं ‘लागणे’. ‘लग्न’ही त्याच धातूचं. ठेच लागते, नजर लागते, फोन लागतो, वरण खारट लागतं, आत्या नात्याने लागते, पैसे तर लागतातच. नीट पाहिलं तर यातल्या बहुतेकांच्या बुडाशी ते जुनं चिकटणं सापडतं.

बिदर-कलबुर्गी भागात मात्र ‘लागणे’ला एक जोडीदार आहे, कन्नडचा ‘हत्तु’. याचं जुनं रूप ‘पत्तु’, आणि अर्थही चिकटणे, धरणे. तमिळमधलं ‘पट्रु’ त्याचंच भावंड. संस्कृतशी याचा काही संबंध नाही, घराणंच वेगळं. तरी आग लागली की कन्नड माणूस म्हणतो ‘बेंकि हत्तितु’. झोप लागली नाही तर ‘निद्दि हत्तलिल्ल’. दोन तास लागतात, तेही ‘एरडु तासु हत्ततद’. (त्यातला ‘तासु’ आपलाच की, असं म्हणायचा मोह होतो, पण तोही अरबी-फारसीकडून आलेला.)

खरी गंमत पुढे आहे. पुण्यात ‘करायला लागला’ म्हणजे सुरुवात केली. भालकी-औरादकडे ‘काय करायलास?’ म्हणजे आत्ता काय करतोयस. त्या ‘करायलास’ची फोड केली की आत ‘करायला लागलास’ दिसतं. कलबुर्गीचा कन्नड माणूस तेच ‘एन माडलकत्ती?’ असं विचारतो, आणि त्यात ‘माडलिक्के’, म्हणजे करायला, याच्या पाठीला ‘हत्तु’ चिकटलेलं असतं. शब्द वेगळे, सांधा एकच. पुण्याचं ‘करतोयस’ आणि बेंगळुरूचं ‘माडुत्तिद्दीया’ या दोघांनाही सीमेवरचं हे बोलणं गावंढळ वाटतं. मला ते उलट जास्त हुशारीचं वाटतं. बाजारात दोन भाषांत वावरणाऱ्याला प्रत्येक वेळी वाक्य मोडून नव्याने बांधावं लागत नाही, साच्यात फक्त शब्द बदलले की काम होतं.

भाषाशास्त्रात याचं गाजलेलं उदाहरण सांगलीजवळच्या कुपवाडचं. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली दाखवून दिलं, की तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दूची वाक्यरचना इतकी जवळ आली आहे की एका भाषेतलं वाक्य दुसरीत जवळपास शब्दाला शब्द ठेवून नेता येतं. घरात मात्र प्रत्येकाने आपापली भाषा टिकवली होती.

बिदरला असा शेजार जुना आहे. हुमनाबादच्या संत माणिकप्रभूंनी एकोणिसाव्या शतकात मराठीबरोबर कन्नड आणि हिंदुस्थानीतही पदं रचली. १ नोव्हेंबर १९५६ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली, तेव्हा बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठवाड्यासोबत मुंबई राज्यात गेले आणि भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात. पण ‘काय करायलास’ उदगिरातही राहिलं आणि भालकीतही.

सगळंच मात्र जुळत नाही. कन्नडमध्ये भूक ‘हत्तत’ नाही. ‘हसिवु आगेद’, म्हणजे भूक झाली आहे. तहानेचंही तेच. कलबुर्गीकडच्या आळंदचा मराठी माणूस दिवसभर कन्नड बोलून घरी आला, तरी जेवायला मागताना ‘भूक लागली’ असंच म्हणतो.