नांगर कुठे टाकायचा?

मालवणचा समुद्र १३ एप्रिल १९८७ रोजी सागरी अभयारण्य जाहीर झाला. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर; त्यातला गाभा जेमतेम सव्वातीन, सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आसपासच्या खडपांचा. प्रवाळ तिथेच आहे, आणि पर्यटकालाही नेमके तिथेच उतरायचे असते. मच्छीमारांनी अभयारण्याला सुरुवातीपासून विरोध केला, कारण निर्बंध आले तर ते आपल्या जाळ्यांवर येणार, हे त्यांनी ओळखले होते. कायद्यालाही हे पुढे मान्य करावे लागले: १९९१च्या दुरुस्तीनुसार सागरी अभयारण्य करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित जपणे बंधनकारक झाले. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा ठरला, पुढे स्नॉर्केलिंग आणि स्कूबा आले. या नव्या वापराबद्दल मात्र तेवढी हुज्जत कोणी घातली नाही. जाळे दिसते, पोहणाऱ्याचा पाय दिसत नाही.

दगडी प्रवाळाला कायद्याने वाघाइतकेच, म्हणजे पहिल्या अनुसूचीतले, संरक्षण आहे. तरी त्यावर उभे राहणे, माशांना पाव टाकून फोटो काढणे, होडीचा नांगर थेट खडपावर सोडणे या गोष्टी किरकोळ समजल्या जातात. कोणी म्हणेल, प्रवाळ पांढरे पडते ते तापलेल्या समुद्रामुळे. पर्यटकाला कशाला दोष? पण तापमानाने खचलेले प्रवाळ सावरायला वर्षे घेते, आणि त्या काळात त्यावर रोज पाय पडले तर ते सावरतच नाही. शिवाय समुद्राचे तापमान मालवणच्या हाती नाही, नांगर आहे. कायमचे तरते बोये बांधून होड्या त्यांनाच लावायच्या, एका जागी एका वेळी किती माणसे उतरतील हे ठरवायचे, काही खडपे आळीपाळीने बंद ठेवायची, एवढे तर जमण्यासारखे आहे.

याहून वजनदार आक्षेप पोटाचा आहे. मासळी घटल्यावर कित्येक मच्छीमार कुटुंबे होडी आणि घरगुती निवास-न्याहारीवर जगतात. त्यांच्या हातावर मर्यादा का? पण मर्यादा नसेल तर बाहेरचा भांडवलवाला मोठी बोट घेऊन येतो आणि त्यात पहिला बुडतो छोटा होडीवाला. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफमध्ये २००४ साली मासेमारीबंद क्षेत्र पाच टक्क्यांहून कमी होते ते सुमारे तेहेतीस टक्क्यांवर नेले. पर्यटन तिथे चालते, पण परवान्यावर, आणि पर्यटकामागे शुल्क घेऊन. ते जसेच्या तसे इथे आणले तर मच्छीमाराची जुनी भीती खरी ठरेल: जाळे बाहेर, पाहुणा आत. म्हणून परवाने आधी स्थानिक मच्छीमार कुटुंबांनाच द्यावेत, आणि किती होड्या हा आकडा पावसाळ्यानंतरचा हंगाम उघडण्याआधी वन विभागाने त्यांच्यासोबत बसून ठरवावा.