एक बल्ब गेला की माळ का विझते?

डिसेंबर आला की बाजारात दिव्यांच्या माळा लटकतात. माझ्या नातवाने परवा विचारलं, "आजोबा, तुमच्या लहानपणी एक दिवा गेला की सगळी माळ जायची, हे खरं का?" खरंच. का, ते सांगतो. पण त्यासाठी आधी १९७१च्या डिसेंबरात जावं लागेल.

आम्ही तेव्हा वांद्र्याला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा लोअर परळच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन, मी दहा वर्षांचा. समोरच्या घरी एक ख्रिस्ती कुटुंब. दिवाळीला आमचं फराळाचं ताट तिकडे, नाताळला त्यांच्या कुलकुलांचं ताट इकडे. आंटींच्या खिडकीत दरवर्षी कागदी तारा लागायचा, खाली येशूजन्माचा गोठा, आणि गोठ्याभोवती रंगीत बल्बांची माळ. ती माळ बाबांनीच करून दिलेली.

त्या वर्षी ३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं. मुंबईत ब्लॅकआउट. काचांना काळा कागद, संध्याकाळनंतर दिवा दिसला की खालून आरडाओरड. आंटींचा मोठा मुलगा नौदलात. ९ तारखेच्या रात्री 'खुकरी' बुडाली. तो दुसऱ्या जहाजावर होता, पण आईला तेवढं पुरेसं नसतं. १७ तारखेला युद्ध थांबलं, लोकांनी काळे कागद फाडले. आंटींच्या खिडकीवरचा कागद तसाच राहिला. पत्र येईपर्यंत तारा लागणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं होतं.

पत्र २३ तारखेला आलं. २४ला संध्याकाळी तारा लागला, गोठा मांडला, माळेची पिन लावली, आणि अंधार.

आता माळेचं गणित. घरातली वीज २३० व्होल्टची, आणि माळेतला बल्ब ६ व्होल्टचा. तो थेट लावला तर क्षणात जाईल. म्हणून असे ४० बल्ब एकामागोमाग एक जोडायचे. यालाच 'सिरीज' म्हणतात. २३० भागिले ४०, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पावणेसहा व्होल्ट. पण रस्ता एकच, त्यामुळे एका बल्बची तार तुटली की वीज कुठूनच जात नाही.

जुन्या काळी युरोप-अमेरिकेत झाडावर मेणबत्त्या लावत, आणि जवळ पाण्याची बादली ठेवत. एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी १८८२ साली न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी ८० विजेच्या दिव्यांचं झाड उभं केलं. आग लागायची भीती कमी झाली, गेलेला दिवा शोधायची डोकेदुखी मात्र पुढे घरोघरी आली.

मी एकेक बल्ब काढून बघायला लागलो. बाबांनी हात धरला. "अरे, माळ विझली म्हणजे वीज गेली असं नाही." ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. गेलेल्या बल्बच्या दोन टोकांमध्ये पूर्ण २३० व्होल्ट उभे असतात. म्हणजे सगळ्यात धोक्याची जागा तीच, जी आपण शोधत असतो.

मग त्यांनी टेस्टर काढला आणि मधल्या, विसाव्या होल्डरच्या स्क्रूला लावला. पेटला. म्हणजे वीज इथवर येते, दोष पुढच्या अर्ध्यात. मग तिसावा. नाही पेटला. मग पंचविसावा. असं निम्मं-निम्मं करत पाच-सहा ठिकाणी टेस्टर लावून गेलेला बल्ब सापडला. (पिन उलटी लागली असेल तर वीज दुसऱ्या टोकाकडून येते, तेवढं भान ठेवायचं.) पुढे मी सैन्यात सिग्नल्समध्ये गेलो. टेलिफोनची लाइन तुटली की आमचा लाइनमन अर्ध्या वाटेवर फोन जोडून एक्स्चेंजला आवाज द्यायचा. मला ते कुणी शिकवायची गरज पडली नाही.

जास्तीचा बल्ब घरात नव्हता आणि दुकानं बंद झालेली. बाबांनी पिन काढली, तो होल्डर कापला, दोन टोकं पिळून वर काळी पट्टी गुंडाळली. ३९ बल्ब, प्रत्येकी ५.९ व्होल्ट. चालतं. मात्र असे बल्ब काढत गेलात तर उरलेल्यांवर भार वाढतो आणि ते भराभर जातात, म्हणून हा उपाय एकदाच.

पुढच्या काळातल्या छोट्या बल्बांमध्ये तळाशी एक बारीक तार गुंडाळलेली असे. मुख्य तार तुटली की वीज त्या वाटेने जाई, माळ चालू राही. आताच्या एलईडी माळेत सिरीजचे वेगवेगळे तुकडे असतात, त्यामुळे बिघडली तरी बहुधा एक तुकडाच विझतो. दुरुस्ती कुणी करत नाही, आणि बंदिस्त माळेत घरी ती करूही नये.

त्या रात्री माळ लागली तेव्हा आंटींनी आधी खिडकीवरचा उरलेला काळा कागद काढला. एरवी ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, सगळं आवरून ठेवायचा त्यांचा नेम. त्या वर्षी गोठा आवरला, पण माळ खिडकीतच राहिली. फेब्रुवारीत मुलगा रजेवर आला, तेव्हा त्यानेच ती उतरवली आणि काळी पट्टी बघून विचारलं, हे कुणी केलं?