बोगदा आला की जीव घाबरा होतो

लोणावळ्याहून मुंबईकडे निघालेली गाडी खंडाळा मागे टाकते आणि बोगदे सुरू होतात. डब्यातली पोरे आनंदाने आरोळ्या ठोकतात. त्याच डब्यात एखादा धडधाकट माणूस मात्र खिडकीचा गज घट्ट धरून बसलेला असतो. छाती धडधडत असते, तळहात ओले झालेले असतात, ओठांना मुंग्या येतात. आता आपण गुदमरणार, असे त्याला वाटते. उजेड आला की त्याला स्वतःचीच लाज वाटते आणि तो कुणाला काही सांगत नाही. पुढच्या वेळी मुंबईचे काम निघाले की 'बरे वाटत नाही' म्हणून घरी राहतो.

समजा, वलवणच्या एका बाईंची लेक कल्याणला दिली आहे. लेकीचे बाळंतपण जवळ आले आणि आईचा पाय घराबाहेर निघेना. वलवणच्या धरणाचे पाणी 1915-16 पासून खंडाळ्यावरून नळांतून खोपोलीला उतरते आहे; आई मात्र घाट उतरत नाही. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत, सोडून दे. असे सांगून सुटणारी ही गोष्ट नव्हे. याला वैद्यकशास्त्रात भयगंड म्हणतात आणि तो बरा होतो.

प्रथम शरीरात काय घडते ते पाहू. धोका दिसला की मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन हा द्राव रक्तात सोडतात. हृदय वेगाने धावते, श्वास जलद होतो, स्नायू ताणले जातात. समोर वाघ असेल तर हे सारे उपयोगाचे आहे. भयगंडात वाघ नसतो, पण शरीराची तयारी तशीच होते. जलद श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड वायू कमी होतो. मुंग्या, चक्कर, डोके हलके होणे हे त्याचेच परिणाम. म्हणजे ज्याला हवा कमी पडते असे वाटते, तो खरे तर गरजेपेक्षा जास्त श्वास घेत असतो!

ही लाट सहसा दहाएक मिनिटांत टोक गाठते आणि ओसरू लागते. बहुतेकांना हे कळतच नाही, कारण लाट ओसरण्याच्या आत ते पळ काढतात. पळाल्याबरोबर बरे वाटते आणि मेंदू नेमका चुकीचा धडा घेतो : पळालो म्हणून वाचलो. प्रत्येक पळाला भीती थोडी वाढते. आधी रेल्वेचा बोगदा नको, मग द्रुतगती मार्गावरचा नको, मग दवाखान्यातली लिफ्टही नको.

पळ काढणारा माणूस भित्राच असतो, असेही नाही. रेल्वेत मुलीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सैनिकांना अडवणाऱ्या मुरलीधर देवीदास आमटे या तरुणाला गांधीजींनी 'अभयसाधक' म्हटले होते. हेच बाबा आमटे पुढे वरोऱ्याला एका पावसाळी रात्री रस्त्याकडेला पडलेला, बोटे झडलेला कुष्ठरोगी पाहून घरी पळाले. त्या माणसाचे नाव तुळशीराम. पळाल्याची टोचणी बाबांना स्वस्थ बसू देईना. ते परत गेले, त्याच्यावर आडोसा उभारला, अखेरपर्यंत त्याची शुश्रूषा केली. नंतर कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाचे शिक्षण घेतले आणि 1949 मध्ये आनंदवन सुरू केले. आम्हाला यात मोलाचे वाटते ते त्यांचे परत जाणे. आधी भीती गेली आणि मग ते गेले, असे घडले नाही.

अर्थात सर्वांनी एकदम मोठी उडी घ्यावी, असे नाही. 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन बाईंनी सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलावर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. मुलाला आवडता खाऊ देत पिंजऱ्यातला ससा थोडा थोडा जवळ आणला. शेवटी मूल सशाशी खेळू लागले. आजचे उपचार त्याच वाटेने चालतात. पायऱ्या पाडायच्या आणि एका पायरीवर मन निवल्याशिवाय पुढची चढायची नाही.

आपल्या वलवणच्या बाईंनी लोणावळा स्टेशनात उभ्या असलेल्या पुणे लोकलमध्ये काही वेळ बसून यावे. मग तीच लोकल पकडून मळवलीपर्यंत जावे. वाटेत बोगदा नाही, फक्त बंद डब्याची सवय. मळवलीला उतरलेच आहात तर भाज्याच्या लेण्यांत जाऊन एखाद्या अंधाऱ्या खोलीत सोबतीसह अर्धा तास बसावे. हे दोन-चार वेळा जमले की कर्जतला थांबणारी गाडी पकडावी. प्रथम सोबत घेऊन, नंतर सोबतीला दुसऱ्या डब्यात बसवून, मग एकट्याने. अंतर सुमारे 28 किलोमीटर. 1863 मध्ये हा लोहमार्ग सुरू झाला तेव्हा त्यावर 25 बोगदे होते. एकेक बोगदा लवकर संपतो, पण लागोपाठ येतात, आणि आपल्याला तेच हवे आहे. पहिल्या दोन-चारांत भीती चढेल, पुढे ती थकते. डोळे मिटून नामजप करत बसू नये. उघड्या डोळ्यांनी बोगदे मोजावेत. पायी रेल्वेच्या बोगद्यात शिरून धीर वाढवण्याचा उद्योग मात्र कुणी करू नये. त्यात जीव जातो.

लाट आली की श्वास सोडण्याकडे लक्ष द्यावे. मनात चार अंक मोजत नाकाने श्वास घ्यावा, आठ अंक मोजत सावकाश सोडावा, रोखून धरू नये. सावकाश उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्येच लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापून योगक्रियांची शास्त्रीय तपासणी सुरू केली, तेव्हा ही विद्या आपल्या गावाला नवी नाही. घरी रोज दहा मिनिटे सराव असावा. ऐन बोगद्यात शिकायला बसले तर जमत नाही.

धडधड पहिल्यांदाच होत असेल, तर आधी डॉक्टरांकडून रक्तदाब, रक्तक्षय, थायरॉइड आणि हृदय तपासून घ्यावे. छातीत दुखून घाम फुटला तर भीतीच असेल असे समजून थांबू नये, ताबडतोब दवाखाना गाठावा. शेजाऱ्याने दिलेली झोपेची गोळी खाऊन प्रवास करणे वाईट. प्रवास होतो, पण मन काहीच शिकत नाही, आणि गोळीची सवय लागते ती वेगळीच. भयगंडाने घराबाहेर पडणेच थांबले असेल तर पुण्यात ससून रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवावे. 'टेलिमानस' या सरकारी सेवेच्या 14416 क्रमांकावर मराठीत मोफत सल्ला मिळतो.

एकदा घाट उतरणे जमले तरी मध्ये दोन-चार महिन्यांचा खंड पडला की भीती थोडी परत येते. त्याने हबकून जाऊ नये. एक पायरी खाली यावे, पुन्हा मळवलीची लोकल धरावी आणि त्याच आठवड्यात कर्जतचे तिकीट काढावे.